दोन घासांचा आळ

नोव्हेंबर लागला की नागपुरात फळांच्या गाड्यांवर आंबिया बहाराची संत्री येतात, आणि मी रस्त्याची बाजू बदलते. पूर्वी मी अशी नव्हते. पूर्वी गाडीवाल्याशी हुज्जत घालायचे. "हे पांढुर्ण्याचं नाही हो भाऊ, उगाच नाव खराब करू नका," असं तोंडावर सांगायचे आणि मग तीच दोन किलो घेऊन घरी यायचे. परवा चौकातला तोच गाडीवाला मला बघून ओरडला, "ताई, या सालचा माल एक नंबर आहे, दाबून तर बघा!" मी इतक्या जोरात "नको" म्हणाले की त्यानं हातातलं संत्रं गुपचूप ढिगावर ठेवून दिलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, मी माझ्या सख्ख्या बहिणीवर एक आळ घेतला. तिनं तो हसत अंगावर घेतला. या फेब्रुवारीत ती गेली. आळ मात्र अजून तिच्याच नावावर आहे, आणि तिच्या लेकीला, प्राचीला, तो खरा वाटतो. प्राचीला कसं सांगायचं हे मला नऊ महिने सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे काय, हिंमत झाली नाही. सरळ बोलावं माणसानं.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मोहगावजवळ आमचं माहेर. माय गेली तेव्हा मी पाचवीत होते. पुढच्या वर्षी ताईला पाहायला पांढुर्ण्याची माणसं आली. त्यांच्या हातात पोह्यांच्या बशा असतानाच तिनं सांगून टाकलं, "माह्यासोबत माही बहीण येईन. तिच्या शाळेचं तुमाले पाहा लागन." बाबांनी कपाळाला हात लावला. गेली ही सोयरीक, असं सगळ्यांना वाटलं. पण नवरदेव, म्हणजे आमचे भाऊजी, हसले आणि म्हणाले, "येऊ द्या न, घर मोठं आहे." घर काही मोठं नव्हतं. दोन खोल्या आणि एक पडवी. मी आंदणात आले असं शेजारपाजारचे लोक पुढे कितीतरी वर्षं चिडवायचे. पांढुर्णा मध्य प्रदेशात, म्हणून शाळा हिंदीत आणि भांडणं मराठीत, अशी मी तिथं वाढले.

ताईच्या घरातून कोणी उपाशी निघाल्याचं मला आठवत नाही. पोस्टमनलासुद्धा उंबऱ्यावर थांबवून हातावर काहीतरी ठेवायची. "घरून उपाशी निंगू नाही," हा तिचा कायदा. स्वतः मात्र दर शनिवारी जामसावळीच्या मारुतीचा उपास धरायची, आणि तोही साबुदाण्याचं पातेलं चढवून केलेला उपास नाही. दिवस मावळेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. त्या दिवशी ती आमच्यासाठी पुरणपोळ्या लाटत असली तरी मीठ-साखर चाखायला मला बोलवायची. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते आहे. ही बाई कशी होती हे मला चांगलं ठाऊक होतं.

आंबियाचा तोडा, म्हणजे फळांची काढणी, सुरू झाला की ती माल निवडायला जायची. शेडमध्ये संत्र्यांचे ढीग, भोवती बायका, मध्ये रिकामी कॅरेट. मी शाळेतून परस्पर तिथं जाऊन बसायचे. ताईचा हात ढिगावरून फिरायचा आणि अंगठा प्रत्येक फळाला अगदी हलका लागायचा. साल सुटून आत पोकळ झालेलं एकीकडे, घट्ट भरलेलं दुसरीकडे. मी पण करून पाहायचे आणि दहातली सहा चुकवायचे. "वरून पाह्यशीन तं सारे सारखेच," ती म्हणायची, "दाबलं का समजते. पण जोरानं नाही वं माय! फोडतं का त्याले?" तिच्या नखांत सालीचं तेल मुरलेलं असायचं. सकाळी तिनं वेणी घालून दिली की माझ्या केसांना दिवसभर तो वास यायचा. वर्गातल्या मुली मला संत्रा बर्फी म्हणायच्या. मला त्याचा राग यायचा. आता तो वास कुठे मिळेल म्हणून मी स्वतःच्या केसांना संत्र्याची साल चोळून पाहिली आहे. तसा येत नाही.

माझं काम लोकांना सांगायचं म्हणजे पंचाईत असते. एम.आर.आय. सगळ्यांना माहीत असतं. आजारी लिव्हर हळूहळू कडक होत जातं, हेही डॉक्टर सांगतात. ते किती कडक झालंय हे पाहायला पूर्वी सुई घालून तुकडाच काढावा लागायचा. आता पोटाला बाहेरून हलकी थरथर द्यायची, आणि ती आत कशी पसरते याचं चित्र एम.आर.आय.नं काढायचं. मऊ लिव्हरमध्ये लाटा जवळजवळ उमटतात, कडक असलं तर लांब लांब. त्यावरून कडकपणाचा आकडा निघतो. ती थरथर देणारी वस्तू बनवायची, हे माझं काम. त्या खोलीत इतकं जबरदस्त चुंबक असतं की लोखंडाचा खिळा नेता येत नाही. म्हणून मोठा स्पीकर बाहेरच्या खोलीत ठेवायचा, भिंतीतल्या भोकातून प्लास्टिकची लांब नळी आत न्यायची, आणि नळीच्या टोकाला बरगड्यांवर बांधायची एक चकती. नळीतून नुसती हवा पुढे-मागे होते आणि चकतीचा पातळ पडदा थरथरतो. बस, एवढंच. या एवढ्याशासाठी माझी सात वर्षं गेली. कडक चकती हडकुळ्या माणसाच्या बरगड्यांवर एका कडेनं उचलली जाते, म्हणून मी अंगाबरोबर वाकणारी चकती बनवली. ताई तिला "तुही थाळी" म्हणायची. "तुह्या थाळीचं काय झालं वं?" हे फोनवरचं पहिलं वाक्य असायचं. नवऱ्याचं, लग्नाचं विचारणं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

पेशंटला लावण्याआधी चकती धडधाकट माणसांवर तपासतात. रीतसर कागदावर सही घेऊन. मला सडसडीत बांध्याचं, बरगड्या दिसणारं माणूस हवं होतं. मी ताईला फोन केला. "सहा तास काही खायचं नाही ताई. जेवणानंतर लिव्हरकडे रक्त वाढतं आणि आकडा चढतो. नक्की ना?" ती म्हणाली, "मले सांगतं का वं उपासाचं?"

त्या दिवशी बाहेरून दोन तज्ज्ञ आले होते. चकतीचं काम पुढे न्यायचं की गुंडाळायचं, हे ते ठरवणार होते. आमचे सर काचेमागे त्यांच्या शेजारी उभे होते. ताई पांढुर्ण्याहून पहाटेच्या बसनं नागपूरला आमच्या लॅबमध्ये आली. कमरेवर चार पुडांचा डबा, माझ्यासाठी. मंगळसूत्र काढून द्यायला लावलं तर गळ्यावर हात धरून उभी राहिली. मी माझ्या ओढणीचा दोरा काढून तिच्या गळ्यात बांधला, तेव्हा कुठे तिनं ते माझ्या हातात दिलं. मी पट्ट्यानं चकती बांधली. पांढऱ्या चादरीखाली ती आडवी झाली आणि म्हणाली, "पाह्य, जामसावळीच्या मारुतीवानी निजली मी. आता नारळ फोडजा." आमच्या तिकडचा मारुती निजलेला आहे, हे मी काचेमागच्यांना सांगत बसले नाही. मीच एकटी हसले. स्पीकर सुरू झाला तसा माइकवरून तिनं मला, तिच्या सुनीला, हाक मारली, "सुने, गिरणीच्या भिंतीले पाठ टेकल्यावानी वाटते वं!"

"बोलू नको ताई. श्वास सोड आणि धरून ठेव."

तिनं शहाण्या मुलीसारखा श्वास धरला. चित्र आलं. लाटा लांब लांब होत्या. निळा-जांभळा यायला हवा होता तिथं लालभडक डाग होता, आणि आकडा हवा त्याच्या दुपटीला पोचलेला. मी आत जाऊन पट्टा आवळला. पुन्हा तेच. नळीचे जोड तपासले, चकती बोटभर खाली सरकवली. तिसऱ्यांदा तेच. बिघडलेली वस्तू तीन वेळा सारखं बोलत नसते, हे मी मुलांना शिकवते. त्या दिवशी मला माझी एकही शिकवण आठवली नाही. तज्ज्ञांपैकी एकानं घड्याळ पाहिलं. सर हळूच म्हणाले, "चकती बसत नाहीये का?"

आणि मला डबा आठवला. सकाळी तो मी उघडून पाहिला तेव्हा वरचा पूड अर्धा रिकामा होता.

मी तरातरा आत गेले. माइक चालूच होता. "ताई, तू खाऊन आलीस ना?"

"नाही वं सुने."

"खोटं बोलू नको. डबा अर्धा आहे."

"अवं, ते तं बसमंधी एक म्हातारी..."

"ताई! माझी सात वर्षं आहेत यात. तिकडे लोक उभे आहेत. तुला एक दिवस भूक मारता येत नाही का?"

मग मान वळवून तिनं काचेकडे पाहिलं, त्या तीन माणसांकडे. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाव बापा, खाल्लं मी. दोन घास. भूक लागली तं काय करू? तिच्या थाळीत काही खोट नाही साहेब, माहीच चुकी आहे."

काचेमागे सगळे हसले. वहीत नोंद झाली: वगळले, कारण जेवण. ताईच्या जागी आमचा एक विद्यार्थी आडवा झाला. सुंदर निळं चित्र आलं. माझी चकती पास झाली.

जेवणानं आकडा थोडाफार चढतो, दुप्पट होत नाही. हे मला माहीत होतं. हे माझ्याइतकं त्या इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं.

दुपारी बाहेरच्या बाकावर तिनं मला डबा वाढला. झुणका, भाकर, वांग्याची भाजी. मी अभिनंदनाच्या फोनवर फोन घेत खात होते. "तू घे ना," मी म्हटलं. "तू खा, माह्यं झालं न मंघाशी," ती म्हणाली आणि बाटलीतलं पाणी प्यायली. मी एकदासुद्धा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं नाही. जाताना तिनं विचारलं, "पुना बोलावतं का मले? आता पक्की उपाशी येईन." मी हो म्हटलं. पुढे फोनवर तिनं दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा मी हसून म्हणाले, "नको बाई, तुझ्यावर भरवसा नाही!" तीही हसली.

मग संक्रांतीला घरी गेले तेव्हा या गोष्टीचं मी चांगलं नाटक करून दाखवलं. ताईचा आवाज काढला, काचेमागच्या साहेबांचे चेहरे केले. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली, सगळ्यात जास्त ताईच हसली. प्राचीनं आईचं नावच ठेवलं. "ओ दोन घास, जेवायला वाढा!" असं म्हणायची. ताई लाटणं उगारून तिच्या मागे धावायची.

पुढच्या आंबियाला ती शेडमध्ये गेलीच नाही. पाय सुजले, डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. आमच्याकडे लिव्हर म्हटलं की दारू, दुसरं काही नाही. ज्या घरात कधी बाटली आली नाही, त्या घराबद्दल लोक कुजबुजायला लागले. डॉक्टरांनी समजावलं की शरीराचीच राखण करणारी ताकद कधीकधी स्वतःच्या लिव्हरवर उठते, बायकांत जास्त, आणि हे काही काल-परवाचं नाही. वेळेवर हाती लागलं तर गोळ्यांवर माणसं कितीतरी वर्षं नीट राहतात, असंही म्हणाले. मग त्यांनी वही उघडून विचारलं, "याआधी लिव्हरची कसली तपासणी झाली होती का?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन मी वगळलेल्या फायली उघडल्या. ताई तिथं होती. तीन चित्रं, तीन लाल डाग, एकच आकडा. माझी चकती पहिल्याच दिवशी बरोबर होती. मी इतकी वर्षं ज्या वस्तूसाठी रक्त आटवलं, ती खरं बोलली आणि मीच तिला खोटं ठरवलं. त्या खोट्याला आधार म्हणून बहिणीचं पोट वापरलं. दवाखान्यात ताईच्या उशाशी बसून मी सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं. ती म्हणायची, "तुही थाळी चालून राहिली न चांगली?" मी हो म्हणायचे. तिचा चेहरा उजळायचा. तो उजळलेला चेहरा मला हवा होता, म्हणून मी गप्प बसले. दुसरं काही कारण नव्हतं.

मृगाच्या बहाराचा तोडा चालू असताना ती गेली. तेरवीच्या दिवशी माणसं पांगल्यावर भाऊजी पडवीत बसून सहज बोलत होते, आणि त्या दिवशीच्या डब्याचा विषय निघाला. "डब्याचं म्हणतं का? पारड्याची एक म्हातारी होती म्हणे बसमंधी, तिले देल्लं तिनं. स्वतः निरंकार होती. आदल्या सांजेपासून. मी म्हतलं दोन घास खाऊन घे, कोण पाह्यते? तं मलेच डाफरली. सुनीचं काम आहे म्हणे. अन् संक्रांतीले तू नाटक केलं तं मले डोळ्यानंच चूप बसवलं तिनं." त्यांना वाटत होतं की ते मला ताईची एक चांगली आठवण सांगताहेत.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. आकडा, तीन वेळा, डॉक्टरांसमोरचं माझं "नाही". त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते उठले, खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि म्हणाले, "प्राचीले नको सांगू. ते पोरगी तुह्यासारखं व्हावं म्हणते."

त्या शब्दाआड मी नऊ महिने लपले.

मागच्या रविवारी पांढुर्ण्याला गेले. प्राची बारावीत आहे. शाळेत दाखवायला तिला माझी चकती हवी होती. घरात संत्र्यांचा वास होता, भाऊजींनी बागेतला पहिला तोडा आणून ठेवला होता. प्राचीच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. तिनं त्यांना स्पीकर, नळी, चुंबक, सगळं माझ्यापेक्षा सोपं करून समजावलं, आणि शेवटी हसत म्हणाली, "आणि माही आई न, याच्या टेस्टले खाऊन गेली होती! सगळी टेस्ट फेल! हो ना मावशी?" मैत्रिणी खिदळल्या. भाऊजी दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून.

मैत्रिणी जाईपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "प्राची, तुझी आई उपाशी होती. ती खरं बोलत होती, मी ऐकलं नाही. माझ्यासाठी ती खोटं बोलली. त्या दिवशी या चकतीनं तिचा आजार दाखवला होता आणि मी तो आकडा बाद करू दिला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी बोलले नाही."

ती चकतीच्या पडद्यावरून बोट फिरवत राहिली. रडली नाही. मग खाली मान घालूनच बोलली.

"त्या दिवशी आई घरी आली न मावशी, तं लय खूश होती. आल्याबरोबर देवापुढं साखर ठेवली. म्हणे, सुनीची मशीन पास झाली. मी विचारलं, आई, तुही तब्येत कशी निंगाली त्याच्यात? तं म्हणे, माही कायले पाह्यतीन ते, मशीनची परीक्षा होती."

तिनं चकती माझ्या मांडीवर ठेवली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आज आठ दिवस झाले. मी रोज फोन करते. भाऊजी उचलतात.